पाटल्यांऐवजी पद्मिनी

पाच वर्षं तासिका तत्त्वावर शाळेत शिकवून आणि भिशीचा एकही हप्ता न चुकवता माझ्याजवळ १,३०,००० रुपये जमले. आपल्याकडे बाईच्या हातात पैसा जमला की त्याला एकच वाट ठाऊक असते, सराफाची. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाटल्यांची घडणसुद्धा मनात ठरवून ठेवली होती. ह्यांचं म्हणणं, मागच्या पडवीवरचे पत्रे बदलू. मुलाला मोबाईल हवा होता. आणि मी? मैत्रिणींनो, हसू नका. मी एक बंद पडलेली, उंदरांनी गाद्या कुरतडलेली जुनी मोटार विकत घेतली.

“काहून वं, डोकं फिरलं का तुझं?” आत्याबाई म्हणाल्या. ह्यांनी काहीच म्हटलं नाही. आता ह्यांचं काही न म्हणणं हे आत्याबाईंच्या दहा वाक्यांपेक्षा जड असतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

झालं ते सगळं सांगते, कारण जुनी मोटार घेऊन नीट करायची हौस हल्ली बऱ्याच घरांत शिरली आहे. मुलगा, दीर, नवरा मोबाईलवर चकचकीत जुन्या गाड्या पाहत बसतात आणि पैसे मात्र संसाराच्या साठवणीतून जातात. तेव्हा हे प्रकरण काय असतं ते आपल्याला कळलेलं बरं. आणि हौस आपलीच असेल, तर मग कळायलाच हवं.

माझी हौस तशी जुनी. मिक्सर, शिलाईचं मशीन, पंखा, काही बिघडलं की मी आधी स्वतः उघडून पाहते. नीट झालं तर त्या दिवशी पुरणपोळी मनासारखी जमल्याचा आनंद होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात पेपरात वाचलं, की मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० तारखेला रस्त्यावरून निघून जाणार. ती २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत. ती बातमी डोक्यात राहिली ती राहिलीच.

ही मोटार मूळची इटलीची. फियाट कंपनीची ‘११००’, १९५३ साली निघालेली. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. पहिल्या गोलमटोल गाडीला लोक लाडानं ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये ‘डिलाईट’ आली, तीच १९७४ च्या सुमारास ‘प्रेसिडेंट’ झाली आणि मग चितोडच्या राणीच्या नावानं ‘पद्मिनी’. २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. इतकी वर्षं मोटार जवळजवळ तीच! त्या काळी नंबर लावून वाट पाहणाऱ्यांना त्याचा राग येत असेल, पण आज आपल्याला तेच सोयीचं पडतं. एका गाडीचा भाग दुसरीला चालतो, आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून भेटतात. पहिलीच खेप असेल तर पुष्कळ खपलेली मोटार घ्यावी. मद्रासला होणारी स्टँडर्ड हेरल्ड दिसायला फार गोड, पण तिच्या एका काचेसाठी वर्षभर वणवण करायची तयारी हवी.

आता माझी फजिती.

नागपुरात एका दलालाकडे पांढरीशुभ्र पद्मिनी उभी होती. आत लाल रेक्झिन, काचा लखलखीत, चाव्या फिरवताच सुरू. किंमत १,१०,०००. “ताई, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे,” असं तो म्हणाला आणि मी पर्समधून ५,००० काढून इसार दिला. माझ्या अख्ख्या महिन्याच्या तासांचे पैसे! साडी घेताना आपण दहा दुकानं हिंडतो. तिथे मला दहा मिनिटं थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी उमरेडच्या एका वयस्क मिस्त्रींना बरोबर नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मला वाटलं ते आधी इंजिन उघडतील. त्यांनी खिशातून कापडात गुंडाळलेलं एक लोहचुंबक काढलं, फुटक्या स्पीकरमधलं, आणि दाराखालच्या पट्टीवर टेकवलं. चुंबक घसरून खाली पडलं. मागच्या चाकाजवळ टेकवलं, तिथेही पडलं. “बाई, रंग मत देखो. नीचे देखो,” ते म्हणाले.

पत्र्याच्या जागी पुट्टी होती. गंजून भोकं पडलेली, त्यात पुट्टी भरलेली आणि वरून रंग. यात एवढं काय, असं मीही विचारलं. तर त्यांनी समजावलं. ट्रकला, जीपला खाली वेगळा लोखंडी सांगाडा असतो, वरची पेटी त्यावर बसवलेली. पद्मिनीला तसा वेगळा सांगाडा नाही. तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब, छप्पर हे सगळं जोडून झालेली पेटी हाच तिचा सांगाडा, आणि इंजिन-चाकं तिलाच लटकलेली. दाराखालची पट्टी गंजली म्हणजे गाडीचं कंबरडं गेलं. मग त्यांनी जॅक लावून एक बाजू उचलली आणि मला दार उघडायला सांगितलं. दार अडकलं. पेटी मधोमध वाकत होती. वर काही दिसत नव्हतं, पण आपला माणूस आत बसून ताशी साठनं जाणार त्या पेटीत!

कागद पाहिले तर त्याहून कहर. पुस्तकावर ज्यांचं नाव, ते गृहस्थ सहा वर्षांपूर्वी वारलेले, वारसांच्या नावे काही झालेलं नाही, आणि कर्जाचा बोजा अजून नोंदलेलाच. इसार परत मिळाला नाही. येताना एसटीत मी चाचांशी एक शब्द बोलले नाही, इतकी मला माझीच लाज वाटत होती.

लाज कशाची सांगू? मी भिवापूरची. आमची मिरची भौगोलिक मानांकन मिळवलेली. इथल्या सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बाया दिवसाकाठी किती मिरच्या हाताळतात, त्यांना विचारा. लालभडक रंग पाहून कोणी मिरची घेत नाही. मुठीत दाबून पाहायची, कानाशी हलवून बिया वाजवायच्या, देठाशी बुरशी आहे का बघायचं. दोन किलो मिरचीला एवढं करणारी मी, लाखाच्या मोटारीला रंगावर भुलले.

दुसरी गाडी मिळाली ती आमच्याच तालुक्यात, एका निवृत्त डॉक्टरांच्या गोठ्यात. १९८७ सालची. टाळेबंदीत उभी केली ती उभीच राहिली. रंग उडून वाळल्या भोपळ्यासारखा झालेला, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली, इंजिन जाम. मुलगा म्हणाला, “आई, ही?” मी काही बोलले नाही, पर्समधून चुंबक काढलं.

पाऊण तास मी त्या गाडीखाली, गाडीत, गाडीभोवती होते. चुंबक सगळीकडे चिकटलं. पायाखालचं रबर उचलून तळ ठोकून पाहिला, आवाज खणखणीत. बॅटरीखाली आणि डिकीत जादा चाकाच्या खड्ड्यात मात्र गंज होता. या दोन जागी पाणी आणि तेजाब साचतं, तिथे तो बहुतेक गाड्यांना असतोच, आणि नवा पत्रा जोडता येतो. जॅकवर उचलून चारही दारं उघडली-मिटली. आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, ही विदर्भाची देणगीच म्हणा. मुंबईची गाडी घ्यायची तर खालून दुप्पट पाहावी.

डॉक्टरांच्या पत्नीनं स्टीलच्या डब्यातून कागद काढले. नोंदणीचं पुस्तक, कराच्या पावत्या, अगदी पहिलं बिलसुद्धा. इंजिनावरचा आणि पेटीवरचा नंबर पुस्तकाशी मी स्वतः अक्षर-अक्षर जुळवला. त्यांनी साठ सांगितले, बेचाळीस हजारांवर तोडलं. पैसे मोजून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, “भंगारात तर नाही ना देणार?” मी नाही म्हटलं. ट्रॅक्टरला टोचन लावून, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, २०२४ साली, पद्मिनी आमच्या अंगणात आली. शेजारच्या बाया वाण घ्यायला आल्या होत्या, त्यांनी मोटारीलाही हळदकुंकू लावलं. थट्टेनंच.

जाम इंजिन म्हटलं की लोक घाबरतात. खरं तर त्यातच भाव तुटतो. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन, कार्बोरेटर असलेलं, कुठे कॉम्प्युटर नाही. चाचांनी चारही प्लग काढले, भोकांत डिझेल आणि ऑईल ओतून ठेवलं, आणि सांगितलं, “रोज गाडी गियरमध्ये टाकून थोडी पुढे-मागे ढकलायची. जोर नाही करायचा.” मी आणि मुलगा रोज संध्याकाळी ढकलत होतो. नववा दिवस, दहावा दिवस, काही नाही. दहाव्या रात्री मी ओसरीत बसून हिशेबाची वही उघडली आणि खरंच रडले. अकराव्या दिवशी ढकलताना आत ‘टक्’ झालं आणि गाडी हातभर सरकली. मुलानं इतक्या जोरात आरोळी मारली की आत्याबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

इंजिन पुढे उघडावं लागलंच. रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट बदलले. पण इंजिन खोलता येतं, सुटे भाग आणता येतात, पुन्हा बसवता येतं. सडलेल्या पेटीचं तसं नाही. चालू इंजिनाची गाडी पाहायला गेलात तर ती थंड असतानाच सुरू करायला सांगा, दलाल आधी गरम करून ठेवतात. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. ऑईलच्या झाकणाला आतून सायीसारखा पांढरट थर म्हणजे ऑईलमध्ये पाणी जात असण्याचा संशय. स्टिअरिंगजवळचा हातातला गियर ढिला लागला तर मात्र भिऊ नका, सांध्यातले बुश झिजलेले असतात, ते स्वस्तात होतात.

काम घरी करायचं ठरवलंत तर आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो. नटबोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, आणि चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची, बाहेरची ऑईलनं पुसते. गंजलेले बारीक बोल्ट चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवले, सकाळी घासून सोड्याच्या पाण्यानं धुतले, लगेच वाळवून ऑईलचा हात फिरवला की उजळतात. बंपरवरचा हलका गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदानं घासला तर निघतो. हाताचं काळं ऑईल नुसत्या साबणानं जात नाही. गोडेतेल आणि साखर चोळा, मग साबण लावा. ब्रेक मात्र जाणत्याकडूनच करून घ्या, तिथे चिंच नाही आणि काटकसरही नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार सोडवा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. आमच्याकडे लाकडाचे जाड ओंडके चाकांखाली दिल्याशिवाय मुलाला खाली जायला बंदी होती.

आणखी एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी केलेले नव्हते, ते मऊ पडतात, फुगतात, आणि पेट्रोल गळून आग लागायचा धोका. इथेनॉल चालणारे नवे पाइप बसवून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

ह्यांचं काय झालं विचाराल. एप्रिलपर्यंत हे अंगणातून येता-जाता मान वळवून जात. एका रात्री मी चाकाचा नट सोडवत होते, पाना निसटत होता. हे दहा मिनिटं दारात उभे राहिले आणि मग न राहवून म्हणाले, “अगं, चुकीचा पाना लावला आहेस.” त्या दिवसापासून टॉर्च धरायला रोज. अजूनही ‘तुझी गाडी’च म्हणतात, पण पाने सगळे आता त्यांनी खुंटीला नंबरवार टांगले आहेत.

आता कागद, जिथे माझा हिशेब पुन्हा चुकला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते असं लोक छातीठोक सांगतात. तो वाद दिल्लीकडचा. आपल्याकडे गाडी तपासणीत उतरली की नोंदणी वाढते. माझ्या गाडीची मुदत २०२२ च्या डिसेंबरात संपली होती. ते मला दिसलं होतं, पण उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये लागतात, हे मी विचारलंच नव्हतं. काम होईपर्यंत चोवीस महिने झाले. १२,००० तिथेच गेले. नूतनीकरणाचे ५,००० वेगळे, वर पर्यावरण कर आणि विमा. (२०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला ५,००० च्या जागी १०,००० झाले आहेत. आमचं त्याआधी झालं म्हणून वाचलो.) ‘विंटेज’ म्हणून सवलत मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी मोटार पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि तशी नोंदली की ती रोजच्या वापराला नेता येत नाही. माझी १९८७ ची अजून लेकरूच.

तेव्हा पैसे देण्याआधी पुस्तकावर तीन गोष्टी पाहा: मुदत कधी संपते, कर्जाचा बोजा आहे का, आणि ज्याचं नाव तोच विकतो आहे का. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म विकणाऱ्याच्या सहीनिशी लागतात. मालक वारला असेल तर आधी वारसांनी ३१ नंबरच्या फॉर्मवर आपल्या नावे करून घ्यायला हवी. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. पुस्तक जुन्या पद्धतीचं असेल तर गाडीची नोंद आरटीओच्या कॉम्प्युटरवर चढली आहे का, तेही विचारा. आमची चढली नव्हती, त्यात दोन खेपा गेल्या.

पूर्ण हिशेब देते, कारण गोड गोष्टी सांगणारे हा देत नाहीत. गाडी ४२,०००. बुडालेला इसार ५,०००. इंजिन २८,०००. पत्राकाम १६,०००. ब्रेक, रबरं आणि वायरिंग २१,०००. टायर आणि बॅटरी १९,०००. सरकारी भरणा आणि विमा २४,०००. एकूण १,५५,०००. म्हणजे माझ्या पुंजीच्या वर पंचवीस हजार. ते ह्यांच्याकडून उसने घेतले, वहीत लिहून, आणि दर महिन्याला फेडते आहे. रंग यात नाहीच. जुनी गाडी घेताना जेवढ्याला घ्याल त्याच्या तिप्पट हाताशी असल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि भाड्याच्या घरात, उभी करायला छप्पर नसताना तर मुळीच नको.

आणि आत्याबाईंचं खरं झालं, हेही लिहून टाकते. मी गाडी घेतली तेव्हा सोनं तोळ्याला त्रेसष्ट हजारांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये ते लाखाच्या वर गेलं. पाटल्या केल्या असत्या तर आज काय झालं असतं, हे त्या मला दर सणाला सांगतात. मी ऐकून घेते. पैशाच्या हिशेबात माझ्याजवळ त्याला उत्तर नाही.

तपासणी झाली ती २०२४ च्या डिसेंबरात. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, हॉर्न पाहिला, खाली वाकून तळ पाहिला, नंबर ताडले. मी बाजूला उभी होते आणि परीक्षेच्या निकालाला झालं नव्हतं तेवढं पोटात गोळा आलेलं. गाडी उतरली. पुढे नव्या कागदावर मालकाच्या रकान्यात माझं नाव छापून आलं. घर मामाजींच्या नावावर, शेत ह्यांच्या, गॅससुद्धा ह्यांच्या. तो कागद मी दोनदा वाचला आणि पाटल्यांसाठी आणून ठेवलेल्या मखमलीच्या डबीत घडी करून ठेवला.

गाडी अजून अस्तराच्या तांबूस रंगातच फिरते. मागच्या महिन्यात आत्याबाईंना उमरेडला डोळे दाखवायला मीच नेलं. जाताना वाटभर दार घट्ट धरून बसल्या होत्या. येताना काच खाली करून बसल्या आणि भिवापूरची वेस लागल्यावर म्हणाल्या, “रंग मिरचीवानी लाल देजो.” ह्यांना पांढरा हवा आहे. डेंटर म्हणतो लाल उन्हानं लवकर उडतो. बघू, दिवाळीपर्यंत उसने फिटले की ठरवीन.